जेरी बर्ड यांची सी-६: एक ट्यूनिंग आणि त्यातून घडलेली वाजवण्याची रीत

साध्या गिटारवर डाव्या हाताची चार बोटं चार वेगळ्या जागी टेकवता येतात. हवाईयन स्टील गिटारवर ती सोय नाही. गिटार मांडीवर आडवी, तोंड आभाळाकडे, आणि तारांवर फिरणारा एकच सरळ, गुळगुळीत लोखंडी बार. बार पाचव्या फ्रेटवर (दांडीवरच्या पाचव्या आडव्या पट्टीवर) नेला की सहाच्या सहा तारा पाच-पाच अर्धस्वर वर चढतात. म्हणजे खुंट्या पिळताना तारांचं आपापसात जे नातं जुळवलं, ते वाजवताना तसंच राहतं. कोणता कॉर्ड (एकत्र वाजणारा स्वरांचा मेळ) हाताशी आहे, कोणता अडून बसणार आहे, कुठे मींड सलग निघेल आणि कुठे तुटेल, हे पहिला स्वर वाजण्याआधीच ठरलेलं असतं. म्हणून स्टील गिटार वाजवणाऱ्याबद्दल जाणकार आधी विचारतात, ट्यूनिंग (तारांची जुळवणी) कोणतं?

अमेरिकन स्टील गिटारवादक जेरी बर्ड यांच्या बाबतीत उत्तर आहे सी-६. आज जगभर स्टील गिटार शिकणारे बरेच लोक याच ट्यूनिंगपासून सुरुवात करतात, आणि ते रूढ करण्याचं श्रेय सर्वसाधारणपणे बर्ड यांनाच दिलं जातं.

ते जन्माने हवाईयन नव्हते. ९ मार्च १९२० रोजी अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या लिमा गावी त्यांचा जन्म झाला. लहानपणी गावात आलेल्या हवाईयन वादकांच्या तंबूतल्या कार्यक्रमात त्यांनी हे वाद्य ऐकलं आणि तेच धरलं. पुढे कंट्री संगीतात त्यांचं नाव झालं. कंट्री गायक हँक विल्यम्स यांची १९४८ आणि १९४९ मध्ये सिनसिनाटीला झालेली काही गाजलेली ध्वनिमुद्रणं ऐकली तर गायकाच्या ओळीमागे हळूच उमटणारी स्टील गिटार बर्ड यांची आहे. १९५४च्या सुमारास पेडल स्टील गिटारची लाट आली. पायाने पेडल दाबलं की एखादी तार वाजता वाजता वर-खाली सरकते, त्यामुळे ट्यूनिंगची बंधनं बरीच सैल होतात. कंट्री संगीताचं केंद्र असलेल्या नॅशव्हिलमधले वादक एकामागोमाग एक पेडलकडे वळले. बर्ड वळले नाहीत. १९७२ मध्ये ते हवाईतल्या होनोलुलूला राहायला गेले, तिथे वाजवत आणि शिकवत राहिले आणि ११ एप्रिल २००५ रोजी तिथेच वारले. ॲलन आकाका आणि ओवाना सालाझार हे त्यांच्या हवाईयन शिष्यांपैकी. हवाईचं वाद्य हवाईच्याच तरुण पिढीच्या हातातून निसटत असताना ओहायोच्या माणसाने ते त्यांना परत शिकवलं, ही त्यांची सर्वांत मोठी कामगिरी आहे असं माझं मत आहे. सेंट लुईसच्या स्टील गिटार हॉल ऑफ फेममध्ये १९७८ साली पहिलं नाव लागलं ते त्यांचंच.

सी-६ आधी काय होतं

या वाद्याची सुरुवात हवाईतल्या ओआहू बेटावरच्या जोसेफ केकुकू यांच्यापासून सांगतात. १८८९च्या सुमारास, शाळकरी वयात, त्यांनी गिटारच्या तारांवर लोखंडाचा तुकडा सरकवून पाहिला. त्या काळातली ट्यूनिंगं साधी मेजर कॉर्डची (सा, शुद्ध ग, प) होती. जाड तारेपासून बारीक तारेकडे ई, ए, ई, ए, सी शार्प, ई. यात साध्या गिटारच्या तीनच तारा चढवाव्या लागतात, म्हणून ती कुठल्याही गिटारवर चालते. पण प्रत्येक फ्रेटवर एकच मेजर कॉर्ड मिळतो. मायनर (कोमल ग असलेला) हवा असेल तर गंधाराची तार गाळून दोन स्वरांवर भागवायचं.

हवाईयन वादक सोल होओपिई यांनी ही अडचण आपल्या पद्धतीने सोडवली. त्यांच्या सी शार्प मायनर ट्यूनिंगमध्ये वरच्या चार तारा ई, सी शार्प, जी शार्प आणि ई अशा लागतात. त्यांतच सी शार्प मायनर आहे, आणि सर्वांत खालच्या तारेचा बी मिळवला की ई मेजरही. जॅझच्या वेगाने पळणारं त्यांचं वादन त्या काळच्या प्रत्येक स्टील गिटारवादकाने कान देऊन ऐकलं. एकाच जागी मेजर आणि मायनर दोन्ही सापडावेत, ही कल्पना बर्ड यांनी १९३०च्या दशकाच्या अखेरीस सी-६ मध्ये आणली, आणि ती अधिक मोकळी करून.

सी-६ ची रचना

पहिली, म्हणजे सर्वांत बारीक तार ई. दुसरी सी. तिसरी ए. चौथी जी. पाचवी ई. सहावी सी. पहिल्या तारेचा ई साध्या गिटारच्या पहिल्या तारेइतकाच उंच असतो. सी ला सा मानलं तर वरून खाली ग, सा, ध, प, ग, सा. भूप गाणाऱ्याला हे स्वर ओळखीचे वाटतील, फक्त रे तेवढा नाही.

या सहा तारांत दोन कॉर्ड शेजारी शेजारी राहतात. पहिली, दुसरी आणि चौथी तार छेडली की ई, सी, जी, म्हणजे सी मेजर. चौथीऐवजी तिसरी घेतली की ई, सी, ए, म्हणजे ए मायनर. बार जागचा हलत नाही, उजव्या हाताचं एक बोट एक तार बदलतं आणि चालीचा रंग बदलतो. पाचव्या फ्रेटवर हेच केलं की एफ मेजर आणि डी मायनर. सातव्यावर जी मेजर आणि ई मायनर. सी मेजरच्या पट्टीत लागणारे सहा मुख्य कॉर्ड तीन जागांवर झाले.

सी, ई, जी, ए हे चारही स्वर एकदम वाजवले तर सी सिक्स्थ कॉर्ड येतो. हवाईयन गाण्याच्या शेवटी ऐकू येणारा, पूर्ण न मिटणारा तो सूर हाच. पण नवशिके सतत चारही तारा वाजवत राहतात आणि सगळं वादन गुळगुळीत, एकसुरी होतं. बर्ड यांच्या मुद्रणांत दोन आणि तीन तारांचे मेळ फार आहेत, चार तारांचे मोजके. कोणती तार वाजवायची नाही, हे ते जास्त काळजीने ठरवत असावेत असं ऐकताना वाटत राहतं.

तारा: इथेच पहिली चूक होते

साध्या गिटारचा संच लावून सी-६ जुळवता येत नाही. पहिल्या तीन तारा कशाबशा जमतात. चौथी तार डी वरून जी ला, म्हणजे पाच अर्धस्वर चढवावी लागते, पाचवी ए वरून ई ला सात, आणि सहावी ई वरून सी ला आठ. एवढा ताण खालच्या तारांना किंवा गिटारच्या घोडीला पेलणारा नाही. तार तुटते, नाहीतर घोडी पोटावरून उचलली जाते. जुनी घरगुती गिटार असेल तर घोडीच उखडण्याची भीती जास्त.

नट (खुंट्यांजवळची पट्टी) ते घोडी साडेबावीस इंच लांबीच्या लॅप स्टीलसाठी, म्हणजे मांडीवरच्या या गिटारसाठी, जाडी पहिल्या तारेपासून अशी ठेवावी: ०.०१५, ०.०१८, ०.०२२, ०.०२६, ०.०३०, ०.०३८ इंच. पहिल्या तीन साध्या, पुढच्या तीन वळ घातलेल्या. या जाडीवर प्रत्येक तारेचा ताण साधारण ११ ते १३ किलोच्या दरम्यान येतो आणि सहांचा मिळून सुमारे ७० किलो. ताण सारखा असणं महत्त्वाचं, कारण एखादी तार इतरांपेक्षा ढिली असेल तर बारच्या वजनाने ती जास्त दबते आणि तेवढीच बेसूर होते.

हाच संच साडेपंचवीस इंच लांबीच्या साध्या लाकडी गिटारवर लावला तर एकूण ताण ९० किलोच्या घरात जातो. तो लावू नये. तिथे ०.०१३, ०.०१६, ०.०१९, ०.०२२, ०.०२६, ०.०३४ घ्याव्यात, म्हणजे ताण पुन्हा ७० किलोच्या आसपास येतो. दुकानात असा पूर्ण संच सहसा मिळत नाही, सुट्या तारा मागाव्या लागतात. साध्या गिटारवर तारा फ्रेटपासून उचलण्यासाठी नटवर बसणारी उंच धातूची पट्टी मिळते. तार फ्रेटबोर्डपासून ९ ते १० मिलिमीटर वर असली की बार फ्रेटला घासत नाही.

बारचा व्यास १९ मिलिमीटर आणि लांबी सुमारे ७३ मिलिमीटर असेल तर वजन १६० ग्रॅमच्या आसपास भरतं. नवशिक्यासाठी हे माप बरं. बार तारांवर दाबायचा नसतो, त्याचं वजनच पुरतं. दाबला की स्वर चढतो, आणि तो किती चढतो हे दर वेळी वेगळं असल्यामुळे कान गोंधळतो.

स्वर लावताना

इलेक्ट्रॉनिक ट्यूनरवर सगळे काटे बरोबर मध्यभागी आणून जुळवलं, तर सी मेजर कॉर्ड थोडा खडबडीत, थरथरता वाटेल. पियानोचा गंधार शुद्ध गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट चढा असतो. शंभर सेंट म्हणजे एक अर्धस्वर. तानपुऱ्यातून आपोआप उमटणारा गंधार ज्यांच्या कानात बसला आहे त्यांना हा फरक लगेच कळतो. स्टील गिटारवर सगळ्या तारा एकत्रच सरकतात, म्हणून मोकळ्या तारांवर जुळवलेलं शुद्ध नातं प्रत्येक फ्रेटवर टिकतं. फ्रेट दाबून वाजवायच्या वाद्यात हे शक्य नाही.

म्हणून दोन्ही सी काट्यावर ठेवावेत, जी दोन सेंट वर, दोन्ही ई सुमारे १४ सेंट खाली आणि ए सुमारे १६ सेंट खाली. ए आणि ई दोन्ही जवळपास सारखेच उतरल्यामुळे त्यांच्यातलं पंचमाचं नातं शुद्धच राहतं आणि ए मायनरही गोड लागतो. सोबत पियानो किंवा कीबोर्ड असेल तर ही उतरण निम्मी करावी, नाहीतर एकट्याने गोड वाजणारी गिटार त्यांच्या शेजारी उतरलेली वाटते.

तिसऱ्याच्या जोड्या

बर्ड यांच्या पद्धतीची पहिली पायरी म्हणजे पूर्ण सप्तक दोन दोन तारांच्या जोड्यांत वाजवणं. प्रत्येक स्वरासोबत त्याच्या वरचा तिसरा स्वर. सी-६ मध्ये दुसऱ्या आणि पहिल्या तारेत मेजर थर्ड (चार अर्धस्वर) आहे, तिसऱ्या आणि दुसऱ्या तारेत मायनर थर्ड (तीन अर्धस्वर). पट्टीत लागणारे दोन्ही प्रकार शेजारच्याच जोड्यांत मिळतात, म्हणून बार तिरका न करता सगळं सप्तक निघतं.

सा-ग मोकळ्या तारांवर, दुसरी आणि पहिली. रे-म पाचव्या फ्रेटवर, तिसरी आणि दुसरी. ग-प सातव्यावर, त्याच तारा. म-ध परत पाचव्यावर, पण आता दुसरी आणि पहिली. प-नी सातव्यावर, दुसरी आणि पहिली. ध-सां बाराव्यावर, तिसरी आणि दुसरी. नी-रें चौदाव्यावर, त्याच तारा. सां-गं बाराव्यावर, दुसरी आणि पहिली.

रे-म आणि म-ध दोन्ही पाचव्या फ्रेटवर आहेत, ग-प आणि प-नी दोन्ही सातव्यावर. म्हणजे रे-म, ग-प, म-ध, प-नी हा तुकडा पाच, सात, पाच, सात असा बार हलवत निघतो आणि उजवा हात जोडी बदलतो. इथे हमखास होणारी चूक म्हणजे बार सातवरून पाचवर परत आणताना आधीची जोडी गुंजत राहते आणि खाली येणारी एक नको असलेली घसर ऐकू येते. जोडी बदलण्याआधी आधीच्या तारा उजव्या तळहाताच्या कडेने थांबवाव्या लागतात. हा अभ्यास आवाज बंद करून, नुसता तळहात टेकवण्याचा ठोका ऐकत केला तर लवकर जमतो.

तिरका बार आणि त्याचं खरं कारण

पुढे सहाव्याच्या जोड्या. ही बर्ड यांच्या वादनाची खूण. पहिली आणि चौथी तार: जी आणि ई, मेजर सिक्स्थ (नऊ अर्धस्वर). दुसरी आणि पाचवी: ई आणि सी, मायनर सिक्स्थ (आठ अर्धस्वर). तिसऱ्याप्रमाणेच इथेही दोन्ही प्रकार सरळ बारने मिळतात. मग बर्ड बार तिरका का करतात, हे नीट समजून घ्यायला हवं, कारण बहुतेक पुस्तकं तिरका बार म्हणजे ‘न मिळणारा स्वर मिळवण्याची युक्ती’ असं सांगून मोकळी होतात.

एक तुकडा घेऊन पाहू. बाराव्या फ्रेटवर पहिली आणि चौथी तार: खाली प, वर ग. पुढची जोडी ध आणि म. सरळ बारने ती सतराव्या फ्रेटवर दुसऱ्या-पाचव्या तारेवर मिळते. स्वर बरोबर, पण बार पाच फ्रेट उडी मारतो आणि ताराही बदलतात. मधली मींड तुटते. आता त्याच दोन तारांवर राहायचं असेल तर चौथी तार चौदाव्या फ्रेटवर हवी आणि पहिली तेराव्यावर. बारचं टोक मागे, खुंट्यांकडे, झुकवावं लागतं. याला रिव्हर्स स्लँट म्हणतात. बार न उचलता बारावरून इथे सरकला की खालचा स्वर दोन अर्धस्वर आणि वरचा एक अर्धस्वर चढतो, दोघे वेगवेगळ्या वेगाने, आणि दोन गायक एकत्र वळण घेत आहेत असं ऐकू येतं. पेडलशिवाय बर्ड यांच्या वादनात जो ओलावा आहे त्याचा मोठा भाग या वळणात आहे. स्वर दुसरीकडे मिळत असतानाही ते तिरका बार घेतात, कारण त्यांना दोन स्वरांमधली वाट हवी असते.

पुढे तेच चालू ठेवलं तर नी-प साठी चौथी तार सोळाव्यावर आणि पहिली पंधराव्यावर, पुन्हा तिरका. सां-धं साठी दोन्ही सतराव्यावर, सरळ. रें-नीं एकोणिसाव्यावर, सरळ. खालच्या सप्तकात हेच आकडे बारा वजा करून मिळतात: मोकळी, मग दोन आणि एक, मग चार आणि तीन, मग पाच सरळ, सात सरळ, नऊ आणि आठ तिरकं, दहा सरळ, बारा सरळ.

वरच्या बाजूला हे सोपं आणि खाली अवघड का, तर फ्रेटची अंतरं सारखी नसतात. साडेबावीस इंची वाद्यावर पाचव्या आणि सहाव्या फ्रेटमध्ये सुमारे २४ मिलिमीटर अंतर असतं, बाराव्या आणि तेराव्यात १६. तारांमध्ये साडेनऊ मिलिमीटर धरले तर पहिली आणि चौथी यांच्यात साडेअठ्ठावीस. म्हणजे पाचव्या फ्रेटपाशी बार सुमारे ४० अंश वळवावा लागतो आणि बाराव्यापाशी २९ अंश. शेजारच्या दोन तारांवर एका फ्रेटचा तिरका बार पाचव्या फ्रेटपाशी घ्यायचा तर कोन ६८ अंश होतो, हात तिथपर्यंत वळता वळत नाही. म्हणून सुरुवात पहिल्या-चौथ्या तारेवर, बाराव्या फ्रेटच्या वर करावी. एकच कोन पाठ करून सगळीकडे वापरला की खालच्या फ्रेटवर एक तार चढी आणि दुसरी उतरी येते.

टोक पुढे, घोडीकडे, झुकवलं की फॉरवर्ड स्लँट. त्यात बारीक तार वरच्या फ्रेटवर जाते आणि जोडीतलं अंतर वाढतं. तो हाताला सोपा आहे: तर्जनीने टोक पुढे ढकलायचं, अंगठा बारच्या मागच्या टोकाशी. रिव्हर्समध्ये उलट, अंगठ्याने मागचं टोक घोडीकडे ढकलायचं आणि टोक मधल्या बोटाला टेकवून मागे आणायचं. दोन्हींत मधल्या तारा बारखाली असतातच आणि त्या बेसूर असतात. त्यांना चुकूनही पिक (उजव्या हाताच्या बोटांत घालायची नखी) लागता कामा नये.

हात: हेलकावा, थांबवणं, घंटेचा नाद

बर्ड यांच्या सुराबद्दल बोलताना लोक त्यांच्या रिकेनबॅकर कंपनीच्या बेकेलाइटच्या (जुन्या कडक प्लॅस्टिकच्या) गिटारबद्दल बोलतात. ती गिटार सुंदरच वाजते. पण तीच गिटार दुसऱ्याच्या हातात दिली तर तो सूर येत नाही, कारण सूर मुख्यतः डाव्या हाताच्या हेलकाव्यात आहे.

हेलकावा बार तारांच्या लांबीच्या दिशेने पुढे-मागे सरकवून काढायचा. आधी स्वर सरळ, स्वच्छ लागू द्यायचा, मग तो डुलू लागतो. स्वर छेडताक्षणी हात हलायला लागला तर ऐकणाऱ्याला स्वराची जागाच कळत नाही, आणि चुकीच्या जागेवरचा स्वर हेलकाव्याखाली लपवण्याची सवय लागते. वेग सेकंदाला चार-पाच हेलकाव्यांपलीकडे नेऊ नये. रुंदी वर जाताना कमी करावी: पाचव्या फ्रेटपाशी ४ मिलिमीटर सरकणं म्हणजे सुमारे १६ सेंट, बाराव्यापाशी २४, आणि एकोणिसाव्यापाशी तेवढंच सरकलं तर ३७ सेंट, म्हणजे अर्धस्वराच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त. वरच्या फ्रेटवर नवशिक्यांचा आवाज रडका होतो तो यामुळे.

डाव्या हाताची उरलेली बोटं, अनामिका आणि करंगळी, बारच्या मागे तारांवर हलकी टेकलेली असावीत. ती उचलली की बार आणि नट यांमधला तारेचा भाग गुणगुणू लागतो आणि सगळा सूर गढूळ होतो. फ्रेटवरची जागा पाहताना डोळा थेट बारच्या वर आणावा. तिरकं पाहिलं तर बार रेषेवर आहे असं वाटतं आणि प्रत्यक्षात दोन-तीन मिलिमीटर सरकलेला असतो. बाराव्या फ्रेटपाशी ३ मिलिमीटर म्हणजे सुमारे १८ सेंट, कोणालाही ऐकू येईल इतका फरक.

घंटेसारखा नाद काढण्यात बर्ड फार तरबेज होते. बार जिथे आहे तिथून बरोबर बारा फ्रेट पुढे उजव्या तळहाताची कड तारेला हलकी टेकवायची, छेडायचं आणि त्याच क्षणी हात उचलायचा. बार पाचव्यावर असेल तर तळहात सतराव्याच्या रेषेवर. बार तीन फ्रेट सरकला तर तळहातही तीन. स्वर उमटलाच नाही तर जागा चुकली आहे. उमटून लगेच विझला तर हात उशिरा उचलला. दोन तारांवर एकदम काढायचा असेल तर मनगट थोडं वळवून कड तारांना काटकोनात आणावी लागते, नाहीतर एकच तार बोलते.

सी-६ च्या पलीकडे

सी-६ मध्ये एक उणीव आहे. सरळ बारवर सेव्हन्थ कॉर्ड (मेजरला कोमल नी जोडलेला) मिळत नाही, आणि त्याशिवाय कित्येक चाली पुढे सरकत नाहीत. सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे सहावी तार सी वरून सी शार्प करणं. मग सहावी ते तिसरी या चार तारांवर सी शार्प, ई, जी, ए, म्हणजे ए सेव्हन्थ. तिसऱ्या फ्रेटवर सी सेव्हन्थ, पाचव्यावर डी सेव्हन्थ, दहाव्यावर जी सेव्हन्थ. फक्त सहावी आणि दुसरी तार एकत्र वाजवायची नाही. एक सी शार्प, दुसरी सी, दोघी भांडतात.

दुसरं ट्यूनिंग बी-११. सी-६ वरून जाताना दुसरी तार सी वरून सी शार्प चढवा, आणि चौथी, पाचवी, सहावी प्रत्येकी एक अर्धस्वर उतरवा. वरून खाली ई, सी शार्प, ए, एफ शार्प, डी शार्प, बी. पहिल्या तीन तारांवर ए मेजर, दुसरी-तिसरी-चौथीवर एफ शार्प मायनर, तिसरी ते सहावीवर बी सेव्हन्थ, त्यात दुसरी मिळवली की बी नाइन्थ. समुद्रकिनाऱ्याच्या जुन्या हवाईयन गाण्यांत जो दाट, गडद कॉर्ड बारसोबत अलगद वर चढतो तो इथला. चढवायची तार एकच असल्याने तारा सहसा तुटत नाहीत, पण दुसरी तार नवीन असेल तर दोन-तीनदा चढवून-उतरवून आधी बसवून घ्यावी. नाहीतर गाण्याच्या मध्यात ती उतरते.

भारतात हवाईयन गिटार वेगळ्या वाटेने रुजली. १९४०च्या दशकात स्टील गिटारवादक ताउ मोए आणि त्यांचं कुटुंब कलकत्त्यात राहत होतं, तिथे या वाद्याचे विद्यार्थी तयार झाले. मुंबईत व्हॅन शिपली यांनी हिंदी चित्रपटगीतांच्या धुना इलेक्ट्रिक गिटारवर घरोघरी नेल्या. जोधपूरचे ब्रिजभूषण काबरा यांनी तिच्यावर राग मांडला. रागात धून एक-दोन तारांवर चालते आणि बाकीच्या तारा सा-प चा आधार देतात, कॉर्डची गरज नाही. तिथे सी-६ चा ए अडथळाच ठरतो, म्हणून आपल्याकडच्या जुन्या हवाईयन गिटारी बहुधा मेजर ट्यूनिंगमध्ये किंवा षड्ज-पंचमात जुळवलेल्या सापडतात. जुन्या चित्रपटगीतांची साथ ॲकॉर्डियन आणि पियानोच्या कॉर्डवर बांधलेली आहे, तिथे मात्र सी-६ फार शोभतं.

बर्ड यांचं सर्वांत धाडसी ट्यूनिंग सी डायाटॉनिक, सात तारांचं. वरून खाली ई, सी, बी, ए, जी, एफ, ई. इथे तारा कॉर्डमध्ये लावलेल्या नाहीत. दुसरीपासून सातवीपर्यंत सरळ पट्टीचेच स्वर एकापाठोपाठ आहेत. सगळ्या एकदम छेडल्या तर नुसता गलका होतो. पण तारा निवडून छेडल्या तर एकाच फ्रेटवर पहिली-दुसरी-पाचवी म्हणजे सी मेजर, दुसरी-चौथी-सहावी म्हणजे एफ मेजर, पहिली-दुसरी-चौथी म्हणजे ए मायनर, आणि तिसरी-पाचवी-सहावी म्हणजे बी, जी, एफ, म्हणजे जी सेव्हन्थचा गाभा. बार एका जागी स्थिर आणि चारही कॉर्ड उजव्या हातात. एखादं संथ गाणं कोणत्याही साथीशिवाय, एकट्याने, तीनसुरी मेळात वाजवायला याच्यासारखं ट्यूनिंग नाही.

त्याची किंमत उजव्या हाताला मोजावी लागते. शेजारची चुकीची तार किंचित जरी हलली तरी लगोलग एक स्वर किंवा अर्धस्वर अंतराचा टोचरा मेळ येतो. म्हणून इथे अंगठा आणि दोन बोटांचे पिक आधी तारांवर नुसते ठेवायचे, तिन्ही बरोबर जागी आहेत हे पाहायचं, मगच छेडायचं, आणि पुढच्या कॉर्डसाठी पिक परत तारांवर टेकवतानाच आधीचा आवाज थांबवायचा. तारांची जाडी ०.०१५, ०.०१८, ०.०२०, ०.०२२, ०.०२६, ०.०२८, ०.०३०. सहा तारांच्याच गिटारवर करून पाहायचं असेल तर सर्वांत खालची ई सोडावी. तिचा स्वर पहिल्या तारेत एक सप्तक वर आहेच, वरचे चारही कॉर्ड शाबूत राहतात.